गिझर यायच्या आधी

साळूबाईच्या पदराला जाळ लागला तेव्हा आकाराम डेअरीवर दूध घालायला गेला होता. शेजारची सुलाबाई अंगणात धुणं पिळत होती. तिला आकारामच्या घराच्या मागल्या दारी धूर दिसला, पण त्यात काही विशेष नव्हतं. तिथं न्हाणीच्या कोपऱ्यात बंब होता आणि तो पेटला की धूर व्हायचाच. मग कापड जळल्याचा वास आला. हातातली बादली तशीच घेऊन ती धावली.

पदर गेला. डावा हात कोपरापर्यंत भाजला. ओलीचिंब साळूबाई बंबापुढं तशीच बसून राहिली आणि उलट सुलाबाईवरच चिडली.

"इझवलास व्हय गं? ह्यांच्या अंघुळीचं पाणी हुतं त्यात!"

आकारामची अंघोळ सकाळीच उरकली होती. त्यानंतर साळूबाईनं बंब पुन्हा पेटवला होता, पाणी उकळलं होतं, ते ती विसरली होती आणि पुन्हा पेटवायला बसली होती.

संध्याकाळी जयराज सांगलीहून गाडी घेऊन आला. आईच्या हाताची पट्टी त्यानं बघितली आणि बाहेर येऊन बापाजवळ ओट्यावर बसला. 

"आण्णा, बंब काढू या," तो म्हणाला. "मी गिझर घेतो. बटण दाबलं की पाणी गरम. जाळ न्हाई, धूर न्हाई."

"काढू," आकाराम म्हणाला.

हे त्यानं आधीच करायला हवं होतं, हे त्यालाही कळत होतं. साळूबाईच्या आजाराला आता दीड-दोन वर्षं होत आली होती. सुरुवातीला ती भाजीत मीठ दोनदा घालायची, तेव्हा सगळे हसले होते. मग एकदा पाटणच्या बाजारातून एकटी निघाली आणि भलत्याच गावाच्या एस.टी.त बसली. जयराजनं तिला सांगलीच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी वेळ देऊन समजावलं. म्हणाले, ह्याला औषध आहे ते फक्त थोडं सावकाश होण्यापुरतं. जुनं बरंच राहील, नवं टिकणार नाही. पुढं जुनंही जाईल. तुम्ही त्यांना जपा.

जपण्यासाठीच जयराज आणि त्याची बायको साक्षी यांनी तिला दिवाळीनंतर सांगलीला ठेवून घेतलं होतं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, बाथरूममध्ये गिझर, सगळी सोय. पण साळूबाईचा तिथं पाय टिकेना. रोज सकाळी "पाणी तापवायचंय" म्हणून ती जिन्यानं खाली उतरायची. जवळच हळदीचं गोदाम होतं. त्याच्या दारातली मोडक्या खोक्यांची फळकुटं गोळा करून आणायची आणि गॅलरीत रचून ठेवायची. एके दिवशी साक्षीनं बाथरूमचं दार उघडलं तर सासू प्लॅस्टिकच्या टबाखाली फळकुटं लावून काडी ओढायच्या बेतात होती. साक्षी काही वाईट वागली नाही. तिनं काडेपेटी हातातून काढून घेतली, सासूला चहा करून दिला, आणि मग बेडरूममध्ये जाऊन रडली. त्यानंतर आकाराम साळूबाईला परत आपल्या वाडीला घेऊन आला. गाडीतून उतरल्या उतरल्या ती घरात न शिरता मागल्या दारी बंबापाशीच गेली होती.

तो बंब तिनंच घेतलेला. लग्न झालं तेव्हा आकाराम फौजेत होता. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा, तोही रात्रभर प्रवास करून, पहाटेच्या पहिल्या गाडीनं, अंगभर धूळ घेऊन. तेव्हा पाणी चुलीवर हंड्यात तापायचं, आणि सासू-सासरे, दीर यांच्या अंघोळी होईपर्यंत त्याच्या वाटणीला कोमटच उरायचं. साळूबाईनं एक म्हैस सांभाळली, दुधाचे पैसे साठवले आणि भावाला घेऊन कराडातून तांब्याचा बंब आणला. पुढच्या सुट्टीला आकाराम दारात आला तेव्हा ती काही न बोलता त्याला मागल्या दारी घेऊन गेली आणि तोटी सोडून दाखवली. त्या वेळचं तिचं तोंड आकारामच्या अजून डोळ्यांपुढं होतं.

त्यामुळं बंब काढायचा तर तिला सांगून, तिच्या मनाची तयारी करून काढायचा, असं त्यानं ठरवलं. फौजेत तो ड्रायव्हर होता. उंच घाटातून सामानाच्या गाड्या न्यायच्या. निघायच्या आधी टायर, पाणी, तेल, ब्रेक सगळं नीट बघितलं की गाडी सहसा दगा देत नाही, हे तो इतकी वर्षं बघत आला होता. तयारी केली की काम होतं, यावर त्याचा विश्वास होता.

त्यानं रात्री जेवताना विषय काढला.

"साळू, बंब आता लय जुना झाला. जयराज गिझर देतोय. भितीवर बसवायचा. तुला वाकायला नको, फुकायला नको."

"बरं हुईल की," ती म्हणाली. "माझं गुडगं लय धरत्यात वाकून. डोळ्यांत धूर जातो त्यो येगळाच."

आकारामला हायसं वाटलं. इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

सकाळी तो उठला तर ती मागल्या दारी चिपाडं मोडत बसली होती. काडेपेटी त्यानं लपवून ठेवली होती, म्हणून ती सुलाबाईकडून निखारा मागून आणायला निघाली होती. त्यानं पुन्हा सगळं सांगितलं. तिनं पुन्हा ऐकलं, पुन्हा म्हणाली, "बरं हुईल की, माझं गुडगं लय धरत्यात." तेच शब्द, त्याच सुरात. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तयारी व्हायची ती तिच्या झोपेबरोबर पुसून जायची, आणि सकाळी त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची.

दरम्यान पाटणहून सिद्धू आला. वायरिंग आणि नळाचं दोन्ही काम तो करायचा. त्यानं न्हाणीची भिंत ठोकून बघितली आणि मान हलवली. फौजेतून आलेल्याला, ड्रायव्हर असला तरी, गावात मेजरच म्हणत.

"मेजर, ही दगडमातीची भीत. बोल्ट धरायची न्हाई. त्यात कोयनेचा हादरा बसला की हितं खडं पडत्यात, दिसतंय की. गिझर पाण्यानं भरला म्हंजी लय वजन."

"मग?"

"ह्या कोपऱ्यात इटांची भीत उचलू, शिमिटात. पाण्याची लाईनबी हितंच येती. पर मग बंब हलवाय लागंल."

"हलवणारच हाय. तू काम धर."

गवंडी आला, विटा आल्या, सिमेंट आलं. सिद्धूनं मीटरपासून नवी जाड वायर ओढली, अर्थिंगसाठी मागं खड्डा घेतला. साळूबाई या सगळ्यात फिरत होती. सिद्धूला तिनं चहा दिला. कप धुवून ठेवते न ठेवते तोच पुन्हा दिला. "तू कुनाचा रं?" असं ती त्याला दर खेपेला विचारायची आणि तो दर खेपेला बापाचं नाव सांगायचा. ती म्हणायची, "म्हंजी आमच्या सगुणीचा नातू की रं तू!" आणि खूश व्हायची. सिद्धू हसून घ्यायचा. पण दुपारी तिनं खड्डा बघितला आणि एकदम बिथरली.

"माझ्या घरात खंदताय कुनाला इचारून? कोन हाय रं तू? मालक घरात न्हाईत म्हणून आलाईस व्हय?"

आकाराम तिच्या शेजारीच उभा होता.

"अगं, मी हाय की हितं," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडं बघितलं, आणि ती गप्प झाली. पण ओळख पटून गप्प झाली की दोन गड्यांपुढं आपलं चालणार नाही म्हणून, ते त्याला समजलं नाही. सिद्धूनं फावडं खाली ठेवलं आणि थोडा वेळ तो उगीच वायर गुंडाळत बसला.

बंब हलवायला रविवारी जयराज आला. त्याचं म्हणणं होतं की आईच्या समोर नको. आकारामला ते पटत नव्हतं. तो बायकोशी कधी खोटं बोलला नव्हता. बदलीची ठिकाणं वाईट असली तरी तो तिला खरंच सांगायचा. पण जयराज म्हणाला, "आण्णा, खरं सांगून रोज रडवण्यापेक्षा एक दिवस सुलाकाकूकडं बसू द्या तिला." शेवटी सुलाबाई आली आणि म्हणाली, "आक्का, चल गं, सांडगं घालाय मदत कर मला." हाताची पट्टी नुकतीच सुटली होती, तरी साळूबाई पदर खोचून लगेच निघाली. कामाचं नाव काढलं की ती अजून कधी मागं राहायची नाही.

बाप-लेकानं बंब उचलला. आतली राख सांडली. जयराजनं तो गाडीच्या डिकीत घातला, वर सतरंजी टाकली आणि सांगलीला घेऊन गेला. "मोडीत घालणार न्हाई, घरातच ठेवतो," असं जाताना म्हणाला. आकारामनं कोपरा झाडून काढला, पाणी मारलं. गवंडी उरलेली भिंत पुरी करायला लागला.

साळूबाई तासाभरानं परत आली. हात पिठाचे होते म्हणून धुवायला मागल्या दारी गेली आणि तिथंच उभी राहिली.

"आवं, बंब कुठाय?"

आकारामनं तिला धरून पायरीवर बसवलं आणि खरं ते सांगितलं. हात भाजला होता, म्हणून काढला. गिझर येणार आहे. जयराजनं बंब नीट ठेवलाय. तिनं ऐकलं आणि ती रडायला लागली. मोठ्यानं नाही. कुणी गेल्याची बातमी आल्यावर बाई रडते तशी, पदर तोंडाशी धरून. "मला इचारलंबी न्हाई," एवढंच ती म्हणत होती.

अर्ध्या तासानं ती रडायची थांबली, चहा प्यायली, उठून मागल्या दारी गेली.

"आवं, बंब कुठाय?"

त्यानं पुन्हा सांगितलं. ती पुन्हा रडली, जणू आत्ताच कळलं असं. दिवस मावळेपर्यंत हे किती वेळा झालं याचा हिशेब त्यानं ठेवला नाही. दर वेळी तिचं रडणं तितकंच नवं होतं, आणि दर वेळी ते आपण दिलंय, हे त्याला दिसत होतं. शेवटच्या खेपेला त्याच्यानं खरं बोलवेना.

"कल्हईला दिलाय," तो म्हणाला.

साळूबाईचं तोंड उजळलं. "बरं केलंसा. लय दिस झालं हुतं कल्हईला. पाण्याला वास माराय लागला हुता."

आणि ती शांतपणे भाकरी थापायला बसली. आकाराम पाठीमागं उभा राहून बघत राहिला. इतक्या दिवसांच्या खऱ्या बोलण्यानं जे झालं नव्हतं, ते एका खोट्यानं झालं होतं. त्याला सुटल्यासारखं वाटलं आणि लाजही वाटली. त्यानंतर तो तेच सांगत राहिला. कल्हईला दिलाय. येईल दोन दिवसांत.

गिझर बसवायला कंपनीचा माणूस आला त्या दिवशी सिद्धूही आला. दोघं न्हाणीत काम करत होते. गिझरचं खोकं फोडून माणसानं आकारामला माहिती द्यायला सुरुवात केली: टाकी भरल्याशिवाय बटण चालू करायचं नाही, लाल दिवा गेला की पाणी तापलं, अंघोळीच्या आधी बटण बंद. आकाराम लक्ष देऊन ऐकत होता, प्रश्न विचारत होता. बटण उंचावर घ्या, हिच्या हाताला लागणार नाही असं, हे त्यानं दोनदा सांगितलं. नळातून कढत पाणी येऊ नये म्हणून किती गरम ठेवायचं, तेही त्यानं नीट ठरवून घेतलं. सगळं मनासारखं होत होतं.

तो घरात आला तर साळूबाई नव्हती. पुढचं दार सताड उघडं होतं.

सुलाबाईकडं नव्हती. गोठ्यात नव्हती. मग आकाराम विहिरीवर गेला. त्यानं आत वाकून बघितलं, पाणी स्थिर होतं. सिद्धू मोटारसायकल काढून नदीकडं गेला, सुलाबाई मळ्याकडं. आकाराम गावाच्या रस्त्यानं हाका मारत निघाला. त्याला जयराजला फोन करायचा होता, पण काय सांगायचं ते सुचेना. इतकी माणसं घरात असताना ती नजरेआड झाली होती.

फोन त्यालाच आला. फाट्यावर चहाची टपरी असलेला नाथाजी बोलत होता.

"मेजर, वयनी हितं हायत शेडात. एकट्याच हायत. मी म्हणलं घरी सोडतो, तर येत न्हाईत."

फाटा म्हणजे पाटणहून कोयनानगरकडं जाणारा मोठा रस्ता. घाटातून उतरणारे ट्रक तिथं वेगात असतात. आकाराम धावत गेला असं म्हणता येणार नाही, त्याचं ते वय राहिलं नव्हतं. पण तो थांबलाही नाही.

एस.टी.च्या शेडमध्ये साळूबाई बाकावर बसली होती. पायाशी वाळक्या काटक्यांचा भारा होता, साडीच्या फाटक्या चिंधीनं नीट बांधलेला. केस विंचरलेले होते. कपाळावर नवं कुंकू होतं. आकाराम तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. त्याला दम लागला होता.

"साळू, चल घरी."

तिनं वर बघितलं. घाबरली नाही. पदर मात्र सावरून घेतला.

"गाडी यायची हाय अजून," ती म्हणाली. "आमचं मालक येनार हायत आज. फौजेत असत्यात. सुट्टी मिळालीया."

नाथाजी टपरीच्या फळीआडून बघत होता. त्यानं मान दुसरीकडं वळवली.

"साळू, अगं मीच की," आकाराम म्हणाला. "आकाराम. मी आलोय."

साळूबाई संकोचानं हसली. गैरसमज झालेल्या म्हाताऱ्या माणसाला दुखवू नये म्हणून हसावं, तशी.

"न्हाई ओ पाव्हणं. ते तरनं हायत."

 आठवण करून द्यावी तर कशाची? लग्नाची? ती तिला होतीच. जयराजचा जन्म, घर, इतकी वर्षं, ती तिच्याकडून गेली होती, आणि ती गेल्यावर उरलेल्या जागेत हा पांढऱ्या मिशांचा माणूस कुठंच बसत नव्हता. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. एक गाडी आली, थांबली, दोन पोरी उतरल्या. साळूबाई उठून उभी राहिली, मान उंच करून दाराकडं बघत राहिली. गाडी गेली. ती बसली.

दुसरी गाडी आली. तिच्यातूनही कुणी आलं नाही.

"मीबी त्याच वाडीचा हाय," शेवटी आकाराम म्हणाला. "ऊन लय झालंय. गाडी उशिरा हाय म्हणत्यात. तुमी घरी चला, पाणी तापवून ठिवा. ते येतील तवर."

तिला ते पटलं. "व्हय, पानी तापवाय पायजे," म्हणून ती उठली. भारा उचलायला तो पुढं झाला, पण तिनं उचलू दिला नाही. परक्या माणसाला आपलं ओझं कसं द्यायचं? डोक्यावर भारा घेऊन ती पुढं चालली आणि आकाराम चार पावलं मागून. वाटेत तिनं एकदाच मागं वळून विचारलं, "तुमच्या घरी कोन कोन हाय?"

"हाय की," तो म्हणाला. "बायकू हाय."

घरी आले तेव्हा गिझर बसला होता. कंपनीचा माणूस सही घेऊन निघून गेला. सिद्धूनं नळ सोडून दाखवला. पाणी चांगलं गरम होतं, भिंत पक्की होती, गळती कुठं नव्हती. सिद्धूला काय झालं ते कळलं होतं. तो मजुरीचं काही न बोलता "येतो मेजर" म्हणाला आणि गेला.

साळूबाईची अंघोळ सुलाबाईनं घातली. उन्हात फिरली होती, पायांना माती होती. आतून सुलाबाईचा आवाज येत होता, "बघ आक्का, कसं झ्याक पानी येतंय." आणि साळूबाईचा, "कुनी तापवलं गं? जाळ तर दिसंना." त्यावर सुलाबाई काय म्हणाली ते आकारामला ऐकू आलं नाही. जयराजचा फोन आला. आकारामनं सांगितलं, बसला. चालतोय. हो, आई अंघोळच करतीया. जयराज म्हणाला, "चला, एक काळजी मिटली." आकाराम "व्हय" म्हणाला. फाट्याचं त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोरगं तिकडं सांगलीत बसून काय करणार होतं?

ओले केस पुसत साळूबाई बाहेर आली. सुलाबाई आपल्या घरी गेली. आकाराम सोप्यात पलंगावर बसला होता. त्याला बघून ती दारातच थबकली. मग आत गेली आणि चहा घेऊन आली. कप त्याच्या हातात न देता तिनं खाली ठेवला आणि दोन पावलं मागं सरकली.

"च्या घ्या. मला सोडाय आलासा, लय उपकार झालं."

आकारामनं कप उचलला. चहात साखर नव्हती. तो सगळा प्यायला.

"आन पाव्हणं, राग मानू नगासा," ती खाली बघत म्हणाली. "दिस कलायच्या आत निघा. मालक घरात न्हाईत. गावात बरं दिसत न्हाई."

त्यानं तिच्याकडं बघितलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. नवऱ्याच्या माघारी घराची अब्रू सांभाळणारी तरणी सून त्याच्यासमोर उभी होती. त्याच्या फौजेतल्या सगळ्या वर्षांत ती अशीच उभी राहिली असणार, हे त्याला पहिल्यांदाच कळलं. तिच्याशी भांडण काढायला त्याच्याजवळ काही कारण नव्हतं.

"व्हय," तो म्हणाला. "निघतो."

त्यानं चपला घातल्या आणि तो बाहेर पडला. मागं कडी लागल्याचा आवाज आला. काडेपेटी त्याच्या खिशात होती, गॅसची टाकी त्यानं बाहेरून बंद केली होती, आणि सुलाबाईच्या ओट्यावरून आपलं दार दिसत होतं. म्हणून तो सुलाबाईच्या ओट्यावर जाऊन बसला.  तिनं भुईमुगाच्या शेंगांचं सूप त्याच्यापुढं सरकवलं आणि दोघं शेंगा फोडत बसली. गुरं घरी परतली. त्याची म्हैस दावणीला ओरडायला लागली. धारेची वेळ झाली होती, पण त्याला जाता येत नव्हतं. सुलाबाईच उठली आणि चरवी घेऊन गेली.

ती परत आली तेव्हा दिवेलागण झाली होती.

"भावजी," ती अंगणातूनच म्हणाली, "चला. तुमचीच वाट बघतीया. 'हे कुठं ऱ्हायलं अजून, दूध घालाय गेल्यालं,' म्हणून खिडकीतनं मलाच इचारत हुती."

आकाराम लगेच उठला नाही.

"खरंच मला इचारत हुती?"

"आवं, तुमालाच की. आणि कुनाला?"

त्यानं हातातली टरफलं सुपात टाकली, गुडघ्यावर हात टेकून तो उभा राहिला. अंगण ओलांडून आपल्या दाराशी गेला. आत भांड्यांचा आवाज येत होता. कडी आतून अजून लागलेली होती. कोण म्हणून हाक मारावी ते न समजून तो थोडा वेळ उंबऱ्यापाशी उभा राहिला, आणि मग त्यानं नुसती कडी वाजवली.